हुकाची खांदशेकणी

माझ्या साडभावाला धड सायकल चालवता येत नव्हती, आणि त्यानं पिकअप घेतली. मी बावीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवतोय. ट्रक चालवले, टँकर चालवले, नागपूर ते हैदराबाद हायवेवरचा एकेक ढाबा मला ओळखतो, आणि माझ्या दारात उभी आहे ती सायकल. एवढं सांगितलं की पुढचं निम्मं तुम्हाला कळलंच असेल. उरलेलं निम्मं सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

साडभाऊ म्हणजे पूनमसिंग. माझी बायको रंजिता, तिची थोरली बहीण बिजलीबाई, आणि बिजलीबाईचा हा नवरा. आमचा तांडा केळापूरपासून कोसभर आत आहे. त्याच्या आणि माझ्या घराच्या मध्ये एक कडुनिंब आणि एक हापशी, बस. त्यामुळे त्याच्या दारात काय आलं आणि काय गेलं हे मला न बघून चालतच नाही.

पूनमभाऊचा जन्म बैलांमागे गेला. त्याच्याकडची जोडी तांड्यातली शेवटची. ती म्हातारी होऊन दोन वर्षांत एकामागून एक गेली, त्याच सुमारास रस्त्याच्या रुंदीकरणात गेलेल्या तुकड्याचे पैसे त्याच्या हातात आले. सगळ्यांना वाटलं, आता हा नवी जोडी आणणार. हा गेला यवतमाळला आणि डिझेलची जुनी पिकअप घेऊन आला. मागे मनगटाएवढा जाड लोखंडी हूक आधीच्या मालकानं बसवलेला. म्हणाला, "हायवेवर रोज कोनाची ना कोनाची गाडी बंद पडते. टोचन लावाले क्रेन दुरून येते, तवर मानूस उन्हात वाळून जाते. मी ओढीन."

ही कल्पना माझी होती. दहा वर्षं मी त्याच कडुनिंबाखाली बसून हेच बोलत होतो, की बंद पडलेल्या गाड्या ओढायची एक गाडी असावी, मागे दणकट हूक, एक लोखंडी दांडा, एक साखळी, मग कोणाची नोकरी करायला नको. पूनमभाऊ समोर बसून तंबाखू मळत ऐकायचा. मला वाटायचं, याच्या डोक्यात काही शिरत नाही. सगळं शिरत होतं.

गाडी आली त्या दिवशी बिजलीबाईनं तांडाभर पेढे वाटले. मला पेढा देताना म्हणाली, "भारतभाऊ, आता तुमाले सायकलवर कष्ट काढाचं काम नाई. आपली गाडी हायच." पेढा गोड होता. एक तुकडा खाऊन उरलेला मी हापशीमागे टाकला.

मागच्या फळीवर त्यानं पेंटरकडून लाल अक्षरात लिहून घेतलं, 'बिजली टोचन', आणि खाली मोबाइल नंबर. रंजितानं ते दोनदा वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या नावावर काही असतं तर मीही तिचं नाव लिहिलं असतं. मी नोकरी करतो त्या शेठच्या टेम्पोवर शेठच्या आईचं नाव आहे.

गाडी शिकवायला अर्थातच मी. महिनाभरात तो शिकला, लायसन्स काढलं, आणि मला 'उस्ताद' म्हणायला लागला. नात्यानं तो मोठा, वयानं मोठा, तरी चारचौघांत उस्ताद म्हणायचा. घरात आम्ही आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलतो, पण गाडीचा विषय निघाला की वऱ्हाडीवर यावं लागतं, कारण गोरबोलीत क्लच नाही. रोज सकाळी हापशीवर तोंड धूत असलो की तो यायचा, "उस्ताद, एक इचारू काय?"

मीही सांगायचो. ऑइल सकाळी, गाडी थंड असताना, सपाट जागेवर काडी काढून बघायचं. रेडिएटरचं पाणी बघायचं, पंख्याचा पट्टा बोटानं दाबून बघायचा. ओढताना आधी साखळीतला ढिलेपणा हळूच काढायचा, मग जोर द्यायचा, झटका मारायचा नाही. हे सगळं मी सांगितलं, नाही म्हणत नाही. पण सांगताना मला दर वेळी वाटायचं, की माझ्या खिशातून एकेक नाणं काढून मी त्याच्या हातावर ठेवतोय.

आणि तो माणूस ते ज्या पद्धतीनं पाळायचा ना, ते बघवत नव्हतं. बैलासारखी ठेवायचा गाडी. सकाळी उठला की आधी बॉनेटवर हात. मग वाकून खाली बघायचा, रात्री काही गळलं का. बैलाचं शेण बघावं तसा धुराचा रंग बघायचा, काळा की पांढरा की निळा. टायरच्या खाचांत अडकलेले खडे चमच्यानं काढायचा, खुरातला खडा काढतात तसे. संध्याकाळी आल्यावर गाडीला विचारायचा, "थकली काय वं?" तांड्यातली पोरं हसायची. मीही हसायचो. पण त्याची गाडी दमायची नाही, आणि ज्या शेठचा टेम्पो मी चालवायचो तो दर महिन्याला गॅरेजात. मला गाडीतलं कळत होतं, त्याला गाडी कळत होती. हे मी आज म्हणतो. तेव्हा मी म्हणायचो, येड्या माणसाचं नशीब.

तर पोळ्याच्या वीस-बावीस दिवस आधीची गोष्ट. मी शेठचा टेम्पो घेऊन पांढरकवड्याकडे निघालो होतो, मागे खताच्या पिशव्या. करंजीच्या अलीकडे फट्ट असा आवाज झाला आणि इंजिनच्या गरमीचा काटा चढायला लागला. पंख्याचा पट्टा तुटला होता. मी शेठला फोन लावला. शेठ म्हणाला, "तुझ्या साडूला बोलाव ना. थांब, मीच लावतो, माझ्याकडे नंबर आहे." त्याच्याकडे नंबर होता! माझा नंबर त्याच्या फोनमध्ये अजून 'ड्रायव्हर २' म्हणून आहे.

अर्ध्या तासात 'बिजली टोचन' आली. पूनमभाऊ उतरला, इंजिनात डोकावला, तुटलेला पट्टा हातात घेतला, आणि अगदी साध्या तोंडानं विचारलं, "काहून भारत, सकाळी पट्टा दाबून पाह्यला नव्हता काय? तूच तं सांगतलं होतं."

चहाच्या टपरीवर सातआठ जण बसले होते. सगळे मला ओळखत होते. एकानं चहा नाकातून काढला.

टोचन केलेल्या गाडीतही एक माणूस लागतो, स्टेअरिंग धरायला आणि ब्रेक मारायला. तो मी. दहा किलोमीटर मी त्याच्या मागे बसलो होतो, इंजिन बंद, हात स्टेअरिंगवर, डोळ्यांसमोर लाल अक्षरात 'बिजली टोचन' आणि तो हूक. त्यानं एकही झटका दिला नाही. चढाला गिअर बरोबर टाकला, उताराला साखळी ढिली पडू दिली नाही, गतिरोधकाआधी खिडकीतून हात काढून मला खूण केली. मी शिकवलं त्याहून चांगला ओढत होता. कोणीतरी तो हूक माझ्या बरगडीत अडकवला होता असं वाटत होतं. जळत होतो मी, दुसरा शब्द नाही. ही गाडी माझी असायला हवी होती, हे स्टेअरिंग माझं, आणि मागे लोंबकळत तो यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हापशीवर आला. "उस्ताद, एक पिवळा दिवा लागून राह्यला. डब्यासारखं चित्र हाय अन् खाली थेंब."

मी चूळ भरत होतो. ती मी जरा जास्तच वेळ भरली.

तो दिवा कशाचा हे डिझेल गाडी चालवणाऱ्या कोणालाही माहीत असतं. पावसाळ्यात टाकीच्या झाकणातून, दमट हवेतून, कुठून ना कुठून डिझेलमध्ये पाणी उतरतं. ते फिल्टरच्या तळाशी साठतं आणि दिवा लागतो. फिल्टरच्या बुडाला एक स्क्रू असतो, तो ढिला करून पाणी सोडून द्यायचं, परत आवळायचा. पाच मिनिटांचं काम. नाही सोडलं तर पाणी पुढे पंपात जातं, पंप आणि नोझल खातं, आणि मग इंजिन चालता चालता बसतं. सपाटीवर बसलं तर खर्च. घाटात, मागे भार असताना बसलं, तर स्टेअरिंग जड होतं, ब्रेक दगडासारखा लागतो, आणि मागची गाडी आपल्याला घेऊन खाली येते.

मी चूळ टाकली आणि म्हणालो, "तो? तो पावसाळ्यात लागतेच. हवा दमट असते ना. काई होत नाई."

"पक्कं?"

"बावीस वर्सं झाली मले, पूनमभाऊ."

"तू म्हनतं तं झालं," म्हणाला, आणि गेला.

त्याला शंका आली असती, त्यानं कोणा मिस्त्रीला विचारलं असतं, तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी मी त्याच्या गाडीत डोकावलो तर त्या दिव्यावर बिजलीबाईची एक मोठी मरून टिकली चिकटवलेली. "डोयात येते तो उजेड," म्हणाला, "अन् तू तं सांगतलं का काई नाई म्हून." टिकलीच्या कडेनं पिवळा उजेड बारीक झिरपत होता.

मला काय हवं होतं ते मी स्वतःशी अगदी नीट बोललो होतो. एकदाच, फक्त एकदाच, त्याची गाडी भर रस्त्यात बंद पडावी. चार लोकांनी बघावं. कोणीतरी त्याला ओढत आणावं आणि मी टपरीवर चहा पीत बसलेला असावा. त्याला खरचटावंसुद्धा असं मला वाटत नव्हतं. फक्त यवतमाळच्या वाटेवरचा तो घाट मला माहीत होता, आणि माहीत असूनही मी रोज उद्यावर टाकत होतो. संध्याकाळी त्याची गाडी तांड्यात शिरली की माझा जीव भांड्यात पडायचा, आणि ती परत धड आलेली बघून पोटात दुखायचंही. दोन्ही एकाच वेळी.

पोळ्याच्या दोन दिवस आधी रंजिता म्हणाली, "पोयाच्या दुसऱ्या दिवशी मी यवतमाळले जाऊन राह्यली. बाईच्या गाडीत." थोरल्या बहिणीला ती बाई म्हणते.

"कायले?"

"चश्म्याचा नंबर काढाचा हाय, किती दिवस झाले सांगून राह्यली. पूनमभाऊले कोनाचा तरी बंद टेम्पो घाटातून वर ओढून न्यायचा हाय. बाई बी चालली. जागा हाय मधात."

माझ्या हातातला घास हातात राहिला. "एस्टीनं जाय."

"काहून?"

"टोचनच्या गाडीत बायाचं काय काम?"

तिनं माझ्याकडे बघितलं, अगदी शांतपणे. "तुमाले जयते," म्हणाली. "गाडी आली तेव्हापासून जयून राह्यले तुमी. मी बहिनीच्या गाडीत बसू नाई, अन् तुमी मले सायकलवर नेनार काय यवतमाळले?"

ती खरं बोलत होती, म्हणून मी ताट सरकवलं आणि ओरडलो. तेव्हाच सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. पण ते वाक्य बोललं की बावीस वर्षांचा उस्ताद एका वाक्यात संपणार होता, आणि तांड्यात माझ्याकडे उस्ताद या शब्दाशिवाय दुसरं होतं तरी काय? मी ठरवलं, त्या दिवशी सकाळी काहीतरी कारण काढीन, रंजिताला थांबवीन. रंजिताला. बिजलीबाईचा आणि पूनमभाऊचा विचार मी केला नाही, हेही सांगतो.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर ज्या खांद्यानं ओढलं तो खांदा तूप-हळदीनं चोळायचा, पळसाच्या पानानं शेकायचा, आणि बैलाच्या कानाशी आवतण द्यायचं. पूनमभाऊच्या घरी पहिल्यांदाच बैल नव्हते. तरी बिजलीबाईनं सवयीनं वाटीत तूप गरम केलं, त्यात हळद घातली, आणि मग दोघं त्या वाटीकडे बघत बसले असणार. कारण थोड्या वेळानं तो वाटी आणि पळसाची पानं घेऊन बाहेर आला आणि सरळ पिकअपच्या मागे जाऊन खाली बसला.

त्यानं आधी हूक पुसला. मग तूप-हळद घेऊन त्या काळ्या लोखंडाला चोळायला लागला, वरून, खालून, गळ्यापाशी, जिथं साखळी घासून लोखंड चमकत होतं तिथं जरा जास्त. सगळा तांडा गोळा झाला. बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. मी तर मोठ्यानं हसलो. म्हणालो, "पूनमभाऊ, शिंगं बी रंगवा! हेडलाईटले बेगड लावा!" लोक आणखी हसले. मला बरं वाटलं. किती दिवसांनी बरं वाटलं.

तोही हसला. हुकाशी वाकून म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मग वाटी घेऊन उठला आणि माझ्यासमोर आला.

"भारत, बस खाली. शर्ट काढ."

"कायले?"

"बस तं."

मला वाटलं हा माझी थट्टा परतवतोय. लोकांनी आरोळ्या ठोकल्या, एकानं मला खांद्याला धरून खाटेवर बसवलंच. मी बनियनवर बसलो. पूनमभाऊ माझ्या मागे आला आणि ते कोमट तूप त्यानं माझ्या दोन्ही खांद्यांवर ओतलं. बैल चोळून चोळून तयार झालेले हात ते. मानेच्या बुडापासून दंडापर्यंत त्यानं चोळलं, जोर लावून, सावकाश. लोक हसायचे थांबले, कारण तो हसत नव्हता.

"गाडी मी हाकलतो," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "पन वझं यानं ओढलं. मले डाव्या-उजव्याचं समजत नव्हतं. एक गोष्ट इचारली तं याच्या तोंडून नाई म्हून शब्द निघाला नाई. सोताजवळ गाडी नाई, तरी दुसऱ्याले सगळं देऊन टाकलं. कोन देते आजकाल?" मग तो माझ्या कानाशी वाकला. त्याच्या तोंडाला तंबाखूचा वास येत होता. "आज आवतन घ्या," म्हणाला, "उद्या जेवाले या."

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, गड्याला भरून आलं.

रंजितानं घरी माझा बनियन बघितला आणि पहिल्यांदा काही टोचून बोलली नाही. अंघोळ केली तरी ती हळद जाईना. पाठीखालचं अंथरूण पिवळं झालं.

पोळ्याच्या सकाळी झुंजूमुंजू झाल्या झाल्या मी पाण्याची एक रिकामी प्लास्टिकची बाटली कापली, पक्कड घेतली आणि त्याच्या दारात गेलो. गाडीला तो कुलूप लावत नाही. म्हणतो, बैलाले कोनी कुलूप लावते काय? मी बॉनेट उघडलं, फिल्टरखाली बाटली धरली आणि स्क्रू ढिला केला. आलं ते पाणी. डिझेल नाहीच, नुसतं पाणी, गढूळ, तळाला गंजाचे कण असलेलं. येतच राहिलं. दोन कप तरी असेल. मग त्यावर डिझेल यायला लागलं, पिवळं. मी स्क्रू आवळत होतो तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय करून राह्यला उस्ताद? आज तं सुट्टी हाय तिले."

तो रोजच्यासारखा बॉनेटवर हात ठेवायला आला होता. 'सणाची साफसफाई' हे उत्तर माझ्याकडे तयार होतं, घरूनच घेऊन आलो होतो. त्यानं माझ्या हातातली बाटली घेतली आणि उजेडाकडे धरली. दुधात पाणी किती हे नुसतं बघून सांगणारा माणूस तो.

"हे खाली पानी हाय."

"हो."

"डिझलमंधी?"

"हो."

त्यानं बाटली हलवून बघितली. मग म्हणाला, "म्हंजे तो दिवा..."

"हो भाऊ. तो दिवा याचाच."

त्याचा चेहरा अजून मोकळा होता. "तुले आत्ता समजलं?"

त्यानं मला वाट करून दिली होती. हो म्हटलं असतं तर त्यानं मला मिठी मारली असती, उस्तादानं सणाच्या दिवशी पहाटे उठून चूक शोधली म्हणून तांडाभर सांगितलं असतं. माझ्या खांद्यांना हळदीचा वास येत होता.

"नाई," मी म्हणालो. "मले बावीस वर्सांपासून माहीत हाय."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी खाली बघून फिल्टरवरचा छोटा हातपंप दाबत होतो, आतली हवा काढायला. "घाटात बंद पडली असती," मी म्हणालो, कारण निम्मं सांगून थांबता येईना. "मले माहीत होतं. चाबी फिरवा."

त्यानं चावी फिरवली. दोन-चार झटके खाऊन इंजिन लागलं. मग त्यानं नखानं ती टिकली उचलली. खाली अंधार होता, दिवा विझला होता. टिकली त्याच्या अंगठ्याला चिकटली. ती तशीच अंगठ्यावर घेऊन तो घरात गेला. बाटली बॉनेटवर राहिली.

मी घरी येऊन पडलो. रंजिता विचारत होती, बाईकडे जेवायला कधी जायचं? मी म्हणालो, पोट बरं नाही. हापशीपलीकडून पुरणाचा वास येत होता. त्याच्या घरून भांडणाचा आवाज येईल म्हणून मी कान देऊन होतो. काहीच येत नव्हतं. एकदा त्याचा फोन वाजला, आणि तो म्हणताना ऐकू आलं, "नाई भाऊ, आज नाई. आज पोया हाय. आज गाडी निघत नाई." मी असतो तर निघालो असतो. सणाला कोणी येत नाही, तेव्हाच तर हायवेवर माणूस अडकतो. त्या अवस्थेतही मला वाटलं, गाडी याच्याकडे आणि अक्कल माझ्याकडे, हा काय न्याय आहे? माझा तो किडा मेलेला नव्हता.

दोन वाजले. तीन वाजले. कडुनिंबाखालून पावलं आली आणि दारात पूनमभाऊ उभा राहिला.

"चाल," म्हणाला.

"पोट बरं नाई."

"घरात कोनी जेवलं नाई अजून." त्याचा आवाज कोरडा होता. "आवतन देलं हाय. ज्याले आवतन देलं तो जेवल्याबिगर मालक जेवत नाई. माह्या घरी कधीच जेवला नाई. चाल."

मी गेलो. रंजिता मागून आली, तिला काही माहीत नव्हतं. पिकअपच्या हुकावर पुरणपोळीचा एक तुकडा ठेवलेला होता, मुंग्या लागल्या होत्या त्याला. ओसरीवर एकच पान मांडलं होतं. मी बसलो. बिजलीबाईनं वाढलं, पोळी, वर तूप, कढी, भजी. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिच्या कपाळावर ती मरून टिकली होती, जरा वाकडी. मी खाल्लं. सगळ्यांसमोर एकट्यानं बसून पूर्ण पान खाल्लं.

हात धुतल्यावर मला वाटलं, सुटलो. पूनमभाऊ समोर येऊन बसला. त्यानं एक शाळेची वही बिजलीबाईकडे दिली. ती सातवी शिकलेली आहे, त्या घरात लिहिणं तिच्याकडे.

"आता सांग," तो म्हणाला.

"काय?"

"जे नाई सांगतलं ते. सगळं. मले तुह्या मनाचं काई इचाराचं नाई. गाडीचं सांग."

"ते एकच होतं, पूनमभाऊ. आईची आन. तो दिवा, बस."

"लिह्य वं," तो बिजलीबाईला म्हणाला. तिनं 'एक' लिहिलं आणि पुढे पाण्याचं लिहिलं, मी सांगितलं तसं, स्क्रू कुठे, किती ढिला करायचा. लिहून झाल्यावर मान वर केली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "माही बहीन बसनार होती त्यात, भारतभाऊ," म्हणाली. मागे रंजिता उभी होती. तिचा श्वास मला ऐकू आला.

"अजून?" पूनमभाऊ म्हणाला.

"नाई अजून," मी म्हणालो, आणि म्हणतानाच मला आठवलं. जड ओढून आल्यावर गाडी लगेच बंद करायची नाही, दोन मिनिटं चालू ठेवायची, नाही तर टर्बो जळतो. हे मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. रोज बघत होतो की तो येतो आणि खटकन चावी काढतो. मी सांगितलं. तिनं 'दोन' लिहिलं.

"अजून?"

ओढणाऱ्या गाडीचं गिअर ऑइल इतर गाड्यांच्या निम्म्या किलोमीटरवर बदलायचं. हेही नव्हतं सांगितलं. मागच्या चाकाच्या मधोमध हात लावून बघायचा, चटका बसला तर बेअरिंग गेलं. दांडा किंवा साखळी निसटली तर म्हणून आणखी एक साखळी ढिली बांधून ठेवायची. माझा टेम्पो ओढला त्या दिवशीही त्यानं ती बांधली नव्हती, आणि मी मागे बसून ते बघत होतो. मागच्या गाडीची चावी चालू ठेवायला सांगायचं, नाही तर तिचं स्टेअरिंग लॉक होतं. मी ज्या गोष्टी विसरलो म्हणत होतो त्या मला सगळ्या आठवत होत्या, त्या कुठल्या दिवशी गिळल्या तेही आठवत होतं. मला खरंच वाटत होतं की मी एकच गोष्ट लपवली. पूनमभाऊ दर वेळी तेवढंच म्हणायचा, "अजून?" रागावत नव्हता, मान हलवत नव्हता. त्याच्या पोटात सकाळपासून अन्न नव्हतं.

बिजलीबाई सावकाश लिहिते, अक्षर मोठं काढते. अकराव्या गोष्टीला पान भरलं. मी म्हणालो, "बस, संपलं." तिनं बोट ओलं करून पान उलटलं, कोऱ्या पानावर 'बारा' लिहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.